हिरवी पूड, काळी पूड: पेरोव्स्काइट सेलसाठी असेंद्रिय होल थर कोणता घ्यावा

बाटलीवर ‘निकेल ऑक्साइड, शुद्धता ९९.९ टक्के’ असं छापलेलं, आणि झाकण उघडल्यावर आत पिस्त्याच्या रंगाची हिरवी पूड. पुरवठादाराशी भांडायला जागा नाही, कारण माल खरोखरच शुद्ध आहे. पण पेरोव्स्काइट (प्रकाश शोषणारा लेड-आयोडाइडच्या जातीचा स्फटिक) सोलर सेलमध्ये होल, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन भाराची जागा, वाहून नेणारा थर करायला ती पूड बाद. निकेल आणि ऑक्सिजन अगदी एकास एक बसले की ऑक्साइड हिरवा दिसतो आणि जवळजवळ विद्युतरोधक असतो. निकेलच्या काही जागा रिकाम्या राहिल्या की भाराचा हिशेब जुळवायला शेजारचे काही निकेल अणू दोनऐवजी तीन धन भारावर जातात. होल मिळतात ते त्यातूनच, आणि पूड काळी पडते तीही त्यामुळेच. या धंद्यात काळा माल हाच अस्सल माल.

गंमत अशी की हेच तीन भारवाले निकेल अणू पुढे पेरोव्स्काइटच्या मुळावर उठतात. ‘असेंद्रिय आहे म्हणजे टिकणारच’ या जाहिरातवजा वाक्यावर विसंबून माल मागवणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

कौल सुरुवातीलाच सांगतो. पी-आय-एन सेल, म्हणजे होल थर खाली काचेकडे असलेला, करत असाल तर काळा नॅनो निकेल ऑक्साइड घ्या आणि त्यावर एका रेणूच्या जाडीचा फॉस्फॉनिक ॲसिडचा थर चढवा. एन-आय-पी, म्हणजे होल थर पेरोव्स्काइटच्या डोक्यावर, करत असाल तर कॉपर थायोसायनेट घ्या, पण त्यावर थेट सोन्याचा इलेक्ट्रोड चढवू नका. कॉपर आयोडाइड, मॉलिब्डेनम ऑक्साइड वगैरेंवर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा.

तुलनेसाठी समोर अर्थातच स्पायरो-ओमेटॅड, होल थरासाठी नेहमी वापरला जाणारा सेंद्रिय पदार्थ. त्याची नेहमीची कृती सगळ्यांना पाठ असते: १ मिली क्लोरोबेंझिनमध्ये ७२.३ मिलीग्रॅम स्पायरो, २८.८ मायक्रोलिटर टर्ट-ब्युटाइल पिरिडिन आणि लिथियमच्या इमाइड मिठाचं १७.५ मायक्रोलिटर द्रावण (१ मिली ॲसिटोनायट्राइलमध्ये ५२० मिलीग्रॅम). सेल पहिल्या दिवशी झकास चालतो. पण लिथियमचं हे मीठ हवेतलं पाणी इतकं ओढतं की मुंबईच्या जुलैत वजनकाट्यावर ठेवल्या ठेवल्या त्याला घाम फुटतो. पिरिडिन हळूहळू उडून जातं आणि थरात बारीक छिद्रं ठेवून जातं. ८५ अंशांवर या दोघांमुळे थर बिघडतो. शिवाय हवेत रात्रभर ऑक्सिडेशन होऊ द्यावं लागतं, ते त्या रात्रीच्या हवेवर अवलंबून, म्हणून सोमवारची बॅच आणि गुरुवारची बॅच कधी जुळत नाही. भावाचं तर बोलूच नये. असेंद्रिय पर्याय शोधायची गरज इथून निघते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते आणि उन्हातलं पॅनेल हवेपेक्षा २५-३० अंशांनी जास्त तापतं, म्हणजे ७० अंश हे इथलं रोजचं तापमान आहे.

निकेल ऑक्साइड: तीन रूपं, तीन स्वभाव

नॅनोकणांची पूड किंवा तयार पाण्यातलं द्रावण. तयार बाटली महाग आणि तिचं आयुष्य कमी. कण कालांतराने एकमेकांना चिकटतात, आणि मग कितीही हलवा, ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर दुसऱ्या थेंबालाच अडतो. फिल्टर अडला की जोर लावून ढकलणारे भेटतात. त्यांना पलीकडे मिळतं ते जवळजवळ नुसतं पाणी, आणि काचेवर थर येतच नाही. तेव्हा तयार द्रावण घेणार असाल तर बनवल्याची तारीख विचारा. पूड प्रयोगशाळेतच करणं जास्त फायद्याचं, आणि ते फार कठीणही नाही.

निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट १४.५ ग्रॅम, म्हणजे ०.०५ मोल, ५० मिली आयनमुक्त पाण्यात विरघळवा. १० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, ढवळत ढवळत घाला. साधारण १० मिली लागतं. पीएच १० ला आला की थांबा. पोपटी लगदा खाली बसतो, ते निकेल हायड्रॉक्साइड. आता खरं काम: धुणं. सेंट्रिफ्यूज करून, वरचं पाणी ओतून, निदान तीन वेळा धुवा, आणि शेवटच्या पाण्याची वाहकता मोजा. कंटाळा इथेच केला जातो आणि भोगावं पुढे लागतं. कारण लगद्यात राहिलेलं सोडियम नायट्रेट पुढच्या भाजणीत जात नाही. ते फुटायला ३८० अंशांच्या वर जावं लागतं आणि आपण तिथवर जाणारच नाही. ८० अंशांवर सहा तास वाळवा, खलात बारीक करा, आणि २७० अंशांवर हवेत दोन तास भाजा. पोपटी पूड काळी होते. काही वाया गेलं नाही असं धरलं तर ३.७ ग्रॅमच्या आसपास मिळते, आणि ती वर्षभर पुरते.

भट्टीचं २७० हे तापमान गमतीचं नाही. २३०-२४० वर हायड्रॉक्साइड शिल्लक राहतं, पूड करडी-तपकिरी दिसते. ४०० च्या वर नेलंत तर कण वाढतात, रंग हिरव्याकडे झुकतो आणि पूड पाण्यात तरंगायचं नाव घेत नाही, तळाला वाळूसारखी बसते. मफल भट्टीच्या दर्शकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. वाटी जिथे ठेवता तिथे वेगळा थर्मोकपल लावून बघा. जुन्या भट्ट्यांमध्ये २०-३० अंशांचा फरक सहज असतो, आणि या पदार्थाला तेवढा पुरतो.

पावसाळ्यासाठी एक सूचना. निकेल नायट्रेट स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. नुसती पूड करायची असेल तर वजनातली चूक चालून जाते, कारण शेवट पीएचवर ठरतो. पण लिथियम किंवा मॅग्नेशियम मिसळणार असाल तर ओल्या स्फटिकांच्या वजनावर काढलेली टक्केवारी खोटी ठरते.

थर देताना पूड १ मिली पाण्यात २० मिलीग्रॅम, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये १५ मिनिटं, गाळा, आणि लगेच वापरा. आयटीओ काच (इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थर असलेली) यूव्ही-ओझोनमध्ये १५-२० मिनिटं ठेवून काढलेली असावी. नाहीतर पाण्याचे थेंब अळूच्या पानावर बसतात तसे गोळा होतात. पाण्यात तीनास एक या प्रमाणात आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं तर काच चांगली भिजते. स्पिन कोटरवर मिनिटाला ४००० फेऱ्यांनी ३० सेकंद फिरवून १५० अंशांवर २० मिनिटं. जाडी २०-३० नॅनोमीटर हवी. ‘थोडा जाड असला तर छिद्रं तरी बुजतील’ हा हिशेब इथे अंगाशी येतो, कारण या ऑक्साइडची वाहकता कमी आहे. ५० नॅनोमीटरच्या पुढे गेलात की फिल फॅक्टर, म्हणजे व्होल्टेज आणि करंटमधून प्रत्यक्ष शक्ती किती हाती येते त्याचं माप, पडलाच. उलट एफटीओ (फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडची) काच वापरत असाल तर तिच्या खडबडीत पृष्ठभागावर २० नॅनोमीटरचा थर टोकांवरून फाटतो आणि सेल शॉर्ट होतो. नॅनोपूड ही आयटीओची जोडीदार, एफटीओसाठी पुढचं रूप घ्या.

पुढचं रूप म्हणजे सोल-जेल. निकेल ॲसिटेट टेट्राहायड्रेट २४.९ मिलीग्रॅम, १ मिली इथेनॉल, ६ मायक्रोलिटर इथेनॉलअमाइन, म्हणजे ०.१ मोलर, दोन्ही समसमान. ६० अंशांवर ढवळलं की स्वच्छ निळसर-हिरवं द्रावण होतं; गढूळ राहिलं तर अमाइन कमी पडलंय. फिरवून घेतल्यावर ३०० अंशांच्या वर, एक तास. थर एकसंध येतो, खर्च जवळजवळ शून्य, आणि एफटीओ ५०० अंशही निमूट सोसतं. आयटीओचा रोध मात्र त्या तापमानाला वाढतो. प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांवर सेल करणाऱ्यांनी तर या रूपाकडे बघूच नये. २०१५ साली लिथियम आणि मॅग्नेशियम मिसळलेला निकेल ऑक्साइड ५०० अंशांवर फवारून एक चौरस सेंटिमीटरहून मोठ्या सेलवर १५ टक्के प्रमाणित कार्यक्षमता आणि १००० तासांच्या प्रकाशानंतर ९० टक्क्यांहून जास्त टिकाव दाखवला गेला. त्या काळात पेरोव्स्काइटचे विक्रम नखाएवढ्या सेलवर होत असत, म्हणून त्या आकड्याचं मोल.

तिसरं रूप स्पटरिंगचं, म्हणजे निर्वात कक्षात आयनांचा मारा करून थर चढवण्याचं. यंत्र आधीच असेल तर याला तोड नाही: पाणी नाही, गाळणं नाही, मोठ्या काचेवर आणि सिलिकॉनच्या खडबडीत पिरॅमिडांवरही सारखा थर. टँडेम सेल (सिलिकॉन सेलवर पेरोव्स्काइट सेल) आणि मॉड्यूल करणारे उगीच याच्याकडे वळलेले नाहीत. आर्गॉनमध्ये ऑक्सिजन किती सोडता यावर सगळं ठरतं: जास्त सोडला तर थर काळसर, वाहकता बरी, पण प्रकाश अडतो. कमी सोडला तर काचेसारखा पारदर्शक आणि तेवढाच निरुपयोगी. यंत्र नसेल तर यासाठी ते विकत घेण्यात अर्थ नाही.

जिथे खरं बिघडतं

आता त्या तीन भारवाल्या निकेलकडे येऊ. थर उत्तम आला, जाडी बरोबर, तरी सेलचा व्होल्टेज एक व्होल्टच्या खाली अडकतो आणि दिवसागणिक घसरतो, हे निकेल ऑक्साइडचं ठरलेलं गाऱ्हाणं. कारण २०२० साली नीट उलगडून दाखवलं गेलं: पृष्ठभागावरचे हे निकेल अणू पेरोव्स्काइटमधल्या अमोनियम आयनाचा प्रोटॉन काढून घेतात आणि आयोडाइडचं ऑक्सिडेशन करतात. दोन्हींच्या सांध्यावर लेड आयोडाइडने भरलेली एक पातळ पट्टी तयार होते, आणि होलना तिची भिंत आडवी येते. काचेच्या बाजूने पाहिलं तर बऱ्याच दिवसांनी पिवळटपणा दिसतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

पहिला उपाय पैशांचा नाही. पेरोव्स्काइटच्या द्रावणात धन आयनाचं मीठ १ ते ५ मोल टक्के जादा घालायचं, म्हणजे निकेलने जे खायचं ते या जादा साठ्यातून खावं. १.२ मोलर द्रावणाच्या १ मिलीला ३ टक्के म्हणजे फॉर्मअमिडिनियम आयोडाइड ६.२ मिलीग्रॅम. ५ टक्क्यांच्या पलीकडे गेलात तर जादा मीठ स्फटिकांच्या सीमांवर साचतं आणि वेगळी दुखणी सुरू होतात.

दुसरा उपाय आता जवळजवळ रूढ झालाय: ऑक्साइडवर कार्बाझोल-फॉस्फॉनिक ॲसिडचा एकरेणवीय थर. टू-पॅक्झ, मेथॉक्सी-टू-पॅक्झ, मिथाइल-फोर-पॅक्झ ही मंडळी. लिथुआनियातलं कौनास तंत्रज्ञान विद्यापीठ आणि बर्लिनचं हेल्महोल्ट्झ केंद्र यांच्या कामातून आलेली. मेथॉक्सी-टू-पॅक्झ इथेनॉलमध्ये १ मिलीला ०.३३ मिलीग्रॅम, ३००० फेऱ्या, ३० सेकंद, १०० अंशांवर १० मिनिटं. एवढ्या कमी मात्रेमुळे महागडी पूडही दीर्घकाळ पुरते. मिथाइल-फोर-पॅक्झचे आकडे जास्त चांगले, पण पृष्ठभाग इतका पाणी-द्वेष्टा होतो की पेरोव्स्काइटचं द्रावण काचेच्या कडांकडे पळतं आणि मधे टक्कल पडतं. खाली निकेल ऑक्साइड असेल तर हा त्रास कमी, कारण ॲसिडला पकडायला हायड्रॉक्सिल गट भरपूर असतात. ॲल्युमिनाच्या नॅनोकणांचा विरळ थर हाही चालणारा तोडगा आहे.

शुद्धतावादी म्हणतील की मग हा थर असेंद्रिय कुठला राहिला. खरं आहे. पण एक-दोन नॅनोमीटरच्या सेंद्रिय अस्तरासाठी कुणी निकेल ऑक्साइडवर पाणी सोडत नाही: खालचा ऑक्साइड अस्तरातली छिद्रं सांभाळतो, वरचं अस्तर ऑक्साइडचे दात झाकतं.

हात शिवशिवले तरी एक करू नका: तयार ऑक्साइड थराला पुन्हा लांबलचक यूव्ही-ओझोन देणं. भिजणं सुधारतं हे खरं, पण त्याच दमात पृष्ठभागावरचे तीन भारवाले निकेल आणि ऑक्सिहायड्रॉक्साइड वाढतात. अस्तर घालणार असाल तर पाचेक मिनिटं, घालणार नसाल तर अजिबात नाही.

कॉपर थायोसायनेट

राखाडी-पांढरी, स्वस्त, कपाटात बिनधास्त राहणारी पूड. बँड गॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) साडेतीन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर, त्यामुळे दृश्य प्रकाश अडवत नाही. डोपिंगची, म्हणजे वाहकतेसाठी मुद्दाम काही मिसळण्याची, गरज नाही, म्हणजे लिथियमचं मीठ नाही आणि पिरिडिनही नाही. २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने यावर २० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता आणि ६० अंशांवर, पूर्ण सूर्यप्रकाशात १००० तासांनंतर ९५ टक्क्यांहून जास्त टिकाव दाखवला, तेव्हापासून स्पायरोला खरा प्रतिस्पर्धी म्हणून याचं नाव घेतलं जातं.

अडचण द्रावकाची. ही पूड नेहमीच्या द्रावकांत विरघळत नाही. जे डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) तिला थोडंफार विरघळवतं ते पेरोव्स्काइटही धुऊन नेतं. म्हणून डायइथाइल सल्फाइड वापरतात: १ मिलीला ३५ मिलीग्रॅम, नीट ढवळून, गाळून. सडक्या लसणाला लाजवेल असा वास. फ्यूम हूडशिवाय बाटली उघडली तर अख्खा मजला रिकामा होतो, आणि रिकामी टिप कचऱ्याच्या साध्या डब्यात टाकली तरी तेच. टिपा, हातमोजे, उरलेलं द्रावण सगळं घट्ट झाकणाच्या बाटलीत. द्रावक पेटणारा आहे, हॉट प्लेटपासून लांब.

थर देण्याची पद्धत इथे सगळं काही ठरवते. काचेवर द्रावण पसरवून मग यंत्र चालू करण्याची सवय असेल तर ती बाजूला ठेवा. आधी यंत्र ५००० फेऱ्यांवर, मग फिरत्या काचेच्या बरोब्बर मधोमध ३५ मायक्रोलिटर, दोन-तीन सेकंदांत. द्रावक झटक्यात उडाला पाहिजे. तो रेंगाळला तर एकतर पेरोव्स्काइटला बाधतो किंवा थायोसायनेटचे जाड दाणे पडतात. जमलेला थर साधारण ६० नॅनोमीटरचा, आरशासारखा. फसलेला थर दुधाळ, उजेडात तिरका धरला की मधून कडेकडे रेघा. फसलेल्या काचेवर सोनं वाया घालवू नका.

आणि सोनं. लोझानच्या त्याच कामात दिसलं की सेल चालू असताना बिघाड थायोसायनेट आणि सोन्याच्या सांध्यावर होतो, पेरोव्स्काइटच्या सांध्यावर नव्हे. मधे रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइडचा अगदी पातळ थर घातला आणि वर सांगितलेला १००० तासांचा निकाल आला. तो थर नसलेला सेल अंधारात ठेवलात तर छान राहतो, म्हणून कपाटात ठेवून घेतलेल्या ‘टिकाऊपणा’च्या चाचणीत हा दोष दिसतच नाही. ग्राफीनचा खटाटोप नको असेल तर कार्बनचा इलेक्ट्रोड लावून बघावा. कार्यक्षमता थोडी जाईल, सोन्याचा खर्च वाचेल.

पी-आय-एनमध्ये थायोसायनेट खाली घालण्याचा मोह टाळा. वरून पेरोव्स्काइटचं डीएमएसओवालं द्रावण पडलं की खालचा थर विरघळू लागतो.

बाकीची मंडळी

कॉपर आयोडाइडला इतिहासात मान आहे. २०१४ साली असेंद्रिय होल थराचा पेरोव्स्काइट सेल म्हणून त्यावर ६ टक्के मिळाले होते आणि करंट स्पायरोपेक्षा स्थिर होता. पण सांध्यावर होल आणि इलेक्ट्रॉन एकमेकांत विझतात, व्होल्टेज मार खातो. पूड पांढरी असावी. पिवळसर-तपकिरी झाली असेल तर आयोडीन सुटलंय, परत करा. मॉलिब्डेनम ऑक्साइड थेट पेरोव्स्काइटवर चढवू नका, दोघांची रासायनिक झटापट होते. क्रोमियम किंवा गॅलियमबरोबरचे तांब्याचे डेलाफोसाइट ऑक्साइड कागदावर फार देखणे आहेत, पण बारीक कणांची पूड प्रयोगशाळेत स्वतः करायला हायड्रोथर्मल ऑटोक्लेव्ह आणि चिकाटी दोन्ही लागतं.

सेल बिघडला तर दोष कुणाचा

निकेल ऑक्साइडच्या सेलमध्ये करंट-व्होल्टेजचा वक्र इंग्रजी एस अक्षरासारखा वळला तर थर जाड आहे किंवा सांध्यावर भिंत उभी राहिलीये. फिल फॅक्टर एकसारखा कमी तर वाहकता कमी: रंग तपासा, जाडी तपासा. वक्र डावीकडे आडवा न राहता उतरता आहे तर छिद्रं आहेत. प्रकाशात दहा मिनिटं ठेवल्यावर आकडे सुधारत असतील तर आनंद मानू नका, सांध्यावरचे दोष तात्पुरते भरले गेलेत इतकंच. थायोसायनेटच्या सेलमध्ये पहिला दिवस छान आणि चालू ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी घसरण असेल तर आधी सोन्याचा सांधा बघा.

आणि पेरोव्स्काइट मिथाइल अमोनियमचं असेल तर होल थराला शिव्या देऊ नका. ते ८५ अंशांवर नायट्रोजनमध्येही आपलं आपणच फुटतं. फॉर्मअमिडिनियम आणि सीझियमकडे वळल्याशिवाय या थरांची तुलना करण्यात हशील नाही. पुरवठादार ‘१००० तास स्थिर’ म्हणतो तेव्हा तीन प्रश्न विचारा: उजेडात की अंधारात, किती अंशांवर, आणि सेल कमाल शक्तीवर चालू होता की उघड्या सर्किटवर. मॉड्यूलसाठीची आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकामधली ओल्या उष्णतेची चाचणी ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेवर १००० तासांची असते. कपाटातले १००० तास तिच्या जवळपासही जात नाहीत.

मागवायचं प्रमाण: कॉपर थायोसायनेट ५ ग्रॅम एका माणसाला दोन वर्षं संपत नाही. निकेल नायट्रेट १०० ग्रॅमची बाटली पुरे, उघडल्यावर डेसिकेटरमध्ये. काळी पूड खलताना धूळ उडते आणि निकेल संयुगांची धूळ श्वासातून गेली तर कर्करोगाचा धोका असतो. मुखपट्टी साध्या कापडाची नव्हे, आणि खल हूडमध्येच. धुण्याचं हिरवट पाणी बेसिनमध्ये ओतायचं नसतं, जड धातूंच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये जातं.